पदराचा वारा

तुंगा गेल्यावर तिचा श्वास माझ्या घरात राहिला. दिवस कलला की मागच्या भट्टीकडून तो ऐकू यायचा. गरम दूध निववताना तोंडाचा चंबू करून फुंकतात तसा, फू, मग थोडं थांबून परत फू. शेवटच्या वर्षी ती असाच श्वास सोडायची. मी उठून मागच्या दाराशी गेलो की आवाज बंद व्हायचा. तिथे अंबू तेवढी असायची, दोरीवर रेशमाच्या लडी नीट लावत. तिला मी कधी काही विचारलं नाही. काय विचारणार?

अंबू म्हणजे तुंगाची सख्खी धाकटी बहीण, आणि माझा धाकटा भाऊ विठोजी याची बायको. दोघी बहिणी एकाच घरात दिल्या होत्या. आम्ही भावसार. कॉटनपेठेत रेशमाच्या लडी रंगवून विणकरांना द्यायच्या, हे आमचं काम. पुढे घर, मागे भट्टी. भट्टीवर तांब्याच्या मोठ्या कढया. जाळायला सुरूची लाकडं, आणि ती महागली की लाकडाच्या वखारीतला भुसा. कढईत हात आम्हा भावांचे, जाळ बायकांच्या ताब्यात. लग्न होऊन आल्यापासून दोघी त्या धुरात बसत होत्या. धुराबद्दल कोणी कधी बोललं नाही. रंगाऱ्याच्या घरी धूर असायचाच.

तुंगाचे पाय सुजले तेव्हा आम्ही तिला पेठेजवळच्या धर्मादाय इस्पितळात नेलं. हृदय म्हणाले. पाय दाबला की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. ओठांवर आणि नखांवर निळसर झाक होती, ती मात्र आम्हाला रंगाचीच वाटली. आमच्या घरात कोणाची नखं स्वच्छ होती? अंबू तिला चिडवायची, "अक्का, निळीच्या हातानं भाकरी खाल्लीस होय?" तुंगा हसायची. वॉर्डात एका संध्याकाळी तिला फार दम लागला, म्हणून त्यांनी इंजेक्शन दिलं. मी शेजारीच होतो. थोड्या वेळानं ती उशीला टेकली. म्हणाली, "आता बरं वाटतंय. तुम्ही जा, भट्टी बघा." डोळे मिटले. वेळ संपल्याची घंटा झाली आणि मी घरी आलो. सकाळी निरोप आला.

सगळे म्हणाले, नशीबवान, झोपेत गेली. अंबूनं तर ते मनात घट्ट धरलं. "अक्का निवांत झोपली" असं ती येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

तुंगा जाऊन दोन वर्षं झाली, आणि चीनच्या लढाईच्या आदल्या वर्षी अंबूचे पाय सुजले. विठोजीला इस्पितळाचं नाव काढलं तरी घाम फुटायचा, म्हणून तिला मीच नेलं. तोच वॉर्ड, उंच खिडक्यांचा, फिनेलच्या वासाचा. ती खाटेवर बसली, दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकून, खांदे वर चढवून. तुंगाही अशीच बसायची. मी तांब्या ठेवायला वाकलो, मान वर केली, आणि क्षणभर मला कळेना की समोर कोण आहे. मी दुसरीकडे बघत राहिलो.

आता तिथे नवे डॉक्टर होते, श्रीधरराव म्हणून. म्हैसूरकडचे, विलायतेत शिकून आलेले, आमच्याशी कन्नडमध्ये बोलायचे. त्यांनी एक वेगळीच रीत सुरू केली होती. हृदयाचा म्हणून जो रोगी येईल त्याच्या तोंडापुढे, वीतभर अंतरावर, पेटती काडी धरायची. रोग्यानं तोंड उघडं ठेवून, ओठ न आवळता, एका फुंकरीनं ती विझवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची फेरी होती. मी अंबूची कांजी घेऊन गेलो होतो, तेव्हा सिस्टरनं मला उभं राहू दिलं. शेजारच्या खाटेवर गंगव्वा म्हणून म्हातारी होती, मार्केटात भाजी विकणारी. तिच्यापुढे काडी धरली. तिनं फुंकलं, काडी विझेना. परत लावली, परत फुंकलं.

"डॉक्टर, काड्या कशाला वाया घालवता?" गंगव्वा म्हणाली. "एक विडी द्या, जोत कामी तरी येईल."

"विड्या किती ओढता?"

"आता एकही नाही. तुमच्या सिस्टरनं कनवटीची काढून घेतली."

वॉर्डातल्या बायका हसल्या. डॉक्टरही हसले, पण तिच्या पाठीला नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग आम्हा नातेवाइकांकडे वळून ते सगळ्यांना समजेल असं बोलले.

"दम लागतो, पाय सुजतात, म्हणून तुम्ही इथं आणता. आम्ही हृदय म्हणतो. हृदय बिघडलेलं असतंच. पण काहींचं फुप्फुस आधी गेलेलं असतं, त्याच्या ओझ्यानं मागाहून हृदय थकतं. ते फुप्फुस कोणी तपासत नाही, कारण हृदय सापडलं की शोध थांबतो. म्हणून ही काडी. फुप्फुसात जोर नसेल तर ती विझत नाही."

कोणीतरी विचारलं, "हे असो की ते असो, औषध एकच ना?"

"नाही. हृदयाच्या रोग्याला एकाएकी दम वाढला तर आम्ही मॉर्फियाचं इंजेक्शन देतो. त्याला आराम पडतो. फुप्फुस गेलेल्या रोग्याला तेच दिलं तर त्याचा श्वास आणखी मंदावतो. झोप लागते. ती झोप उतरेलच असं नाही."

हे ते आवाज न चढवता म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडे गेले. माझ्या हातातला कांजीचा डबा कलंडला. सिस्टर रागावली. मी खाली बसून फरशी पुसली, आणि पुसता पुसता मला तुंगाचं उशीला टेकणं दिसत होतं. आता बरं वाटतंय.

मग अंबूची पाळी आली. डॉक्टर पलीकडच्या खाटेशी थांबले होते, म्हणून सिस्टरनं काडी लावली. तिचं कन्नड मोडकंतोडकं होतं. तिनं अंबूला विझवायची खूण केली. अंबूनं डॉक्टरांकडे पाहून तोंडावर पदर ओढून घेतला. पदर हलला. काडी विझली.

"विझली," सिस्टर म्हणाली.

"सरी, बरं," डॉक्टरांनी तिकडूनच मान हलवली. "म्हणजे हृदयच. आज दम वाढला तर मॉर्फिया द्या."

मला रडू आलं. बरं वाटल्याचं रडू होतं ते. दोघी एकाच आईच्या, एकाच भट्टीवरच्या, दोघींचं दुखणं तेच. अंबूची काडी विझली, म्हणजे तुंगाचीही विझली असती. म्हणजे तुंगाला दिलेलं इंजेक्शन तिला द्यायचंच होतं. ती हृदयानं गेली. इस्पितळाच्या दारात मी खांबाला धरून उभा राहिलो आणि देवीला हात जोडले.

निघताना अंबूनं विचारलं होतं, "अण्णा, डॉक्टर काय देणार म्हणाले? अक्काला दिलं तेच ना?"

"तेच."

"मग आजच द्या म्हणावं. किती दिवस झाले मी आडवी पडून झोपलेली नाही."

घरी आलो तेव्हा विठोजी भट्टीपुढे उकिडवा बसला होता. डोळे लाल. फुंकणी तोंडाला लावून फुंकत होता आणि खोकत होता.

"हे काम माझं नव्हे," तो म्हणाला. "तुझी भावजय आली की तिच्या हवाली करतो."

"ती आल्यावर कढईपाशीही बसू द्यायचं नाही तिला."

"आता तरी कुठे बसते? फुंकणीला तर तिनं दोन वर्षांत हात लावलेला नाही. पुठ्ठा घेते आणि वारा घालत बसते, राणीसारखी. मी म्हटलं, फुंक की. म्हणते, फुंकणीला दम पुरत नाही. वहिनीनं लावलेली खोड. तीही शेवटी शेवटी पुठ्ठाच हलवायची."

"तेव्हा अंबूचे पाय सुजले होते?"

"छे. पाय तर आत्ता गौरीनंतर सुजले."

मी जेवायला बसलो. विठोजी लडी घेऊन विणकराकडे गेला. दिवस कलायला लागला. ताटावर बसल्या बसल्या मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि ते काय ते समजत नव्हतं. मग लक्षात आलं. मागून श्वास येत नव्हता.

मी हात न धुता मागे गेलो. दोरी, लडी, थंड होत चाललेली कढई. पुठ्ठा भुशाच्या पोत्यावर पडला होता. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो, तुंगा येईल म्हणून. ती आली नाही. अंबू इस्पितळात गेली आणि आवाज गेला. दोन वर्षं मला जो ऐकू येत होता तो अंबूचा श्वास होता. मी दाराशी आलो की थोरला दीर आला म्हणून ती उठायची, पदर सावरायची आणि श्वास धरून ठेवायची.

तुंगा मला कधी भेटायला आलीच नव्हती. हे कळल्यावर त्या मोकळ्या भट्टीपुढे मला जितकं एकटं वाटलं तितकं तिला पोचवून आलो त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आणि मग पुठ्ठ्याकडे बघता बघता सकाळचं डोळ्यांपुढे आलं. जिला निखारा फुलवायला दम पुरत नाही, तिनं काडी कशानं विझवली? पदर हलला होता. मी ते सकाळी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यात मला काही वेगळं दिसलं नव्हतं. कसं दिसणार? आमच्या घरात जोत तोंडानं विझवत नाहीत. तोंडाची फुंकर उष्टी. चूल फुलवायला फुंकणी चालते, कारण ते जाळ वाढवणं. पण पेटलेली जोत मालवायची ती हाताच्या नाहीतर पदराच्या वाऱ्यानं. काडीसुद्धा. लहानपणी मी एकदा काडी फुंकली तर आजीनं तोंडावर मारलं होतं. अंबूला विझव म्हटलं, तिनं विझवली. आमच्या घरातल्या कुठल्याही बाईनं विझवली असती तशीच.

मी पुन्हा आत येऊन ताटापुढे बसलो. तुंगाच्या फोटोखाली समई होती. मी गप्प बसलो तर कोणाला काही कळणार नव्हतं. तुंगा हृदयानं गेली, निवांत झोपेत गेली, हे तसंच राहिलं असतं. डॉक्टरांना सांगितलं की ते माझ्या हातून जाणार. मग ती उशीला टेकली आणि मी तिचं ऐकून भट्टी बघायला निघून आलो, एवढंच माझ्यापाशी उरणार. ते घेऊन मला पुढे जगायचं होतं.

फोटोकडे मी पाहिलं नाही. चप्पल घातली.

भेटायची वेळ सुरू झाली होती. श्रीधरराव व्हरांड्यात चहा पीत उभे होते. मी सगळं सांगितलं, पुठ्ठ्याचं आणि पदराचं. त्यांना आधी ते नीट कळलं नाही, मग कळलं तसा त्यांनी कप कठड्यावर ठेवला.

"फुंकणी कधी सोडली म्हणालात?"

"दोन वर्षं झाली. पाय सुजायच्या कितीतरी आधी."

"आणि नखं निळी आहेत. मी काल भरती करताना विचारलं तर म्हणाली, रंग आहे."

"आमच्यात असतोच, डॉक्टर."

ते आत निघाले. मी त्यांच्यामागून चालत म्हटलं, "हिची मोठी बहीण इथंच होती. माझी बायको. तिलाही पुठ्ठाच लागायचा. तिला ते इंजेक्शन दिलं होतं."

ते थांबले. "केव्हा?"

"तुम्ही यायच्या आधी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. खोटं बोलावं असं त्यांना वाटलं असतं तर त्या वेळी मी ते आनंदानं ऐकलं असतं.

अंबूची तब्येत सकाळपेक्षा उतरली होती. बोलताना दोन शब्दांवर थांबत होती. डॉक्टरांनी स्पिरिटच्या बोळ्यानं तिचं एक नख घासलं. बोळा पांढराच राहिला, नख निळंच राहिलं. मग त्यांनी काडी लावली आणि म्हणाले, "अम्मा, पदर बाजूला. तोंड उघडा आणि फुंका. जरा जोरानं."

अंबूनं मान हलवली. "तोंडानं नाही विझवत आम्ही."

"इथं चालतं."

"तुमचं चालत असेल. घरी माझा नवरा आहे, मुलं आहेत. जोत उष्टी करून मी त्यांच्यावर काय ओढवून घेऊ?" ती माझ्याकडे वळली. "अण्णा, तुम्ही तरी सांगा ह्यांना. सकाळी विझवली की मी. आता मला ते इंजेक्शन द्या. मला झोपायचंय."

गंगव्वा शेजारून म्हणाली, "फुंक ग. माझी तर विझलीही नाही, तरी देवानं मला अजून नेलं नाही."

"तुमचा देव वेगळा, आमची देवी वेगळी," अंबू म्हणाली, आणि तिला खोकल्याची उबळ आली. उबळ ओसरल्यावर ती हळू आवाजात परत तेच म्हणाली. "अक्काला दिलं होतं. अक्का कशी निवांत झोपली. मला का देत नाही?"

काडी जळत डॉक्टरांच्या बोटांपर्यंत आली. त्यांनी ती टाकली. ते सिस्टरला काहीतरी सांगणार होते, पण मी हात वर केला. डॉक्टर इंजेक्शन थांबवतील हे मला दिसत होतं. पण डॉक्टर घरी गेल्यावर वॉर्डात दुसरं कोणी असणार, दम वाढणार, आणि अंबू हात जोडून तेच मागणार. देणाऱ्याला दया येईल. तुंगाला दिलं तेही दयेनंच दिलं होतं.

मी खाटेच्या कडेला बसलो. तिचं लग्न झाल्यापासून मी तिच्या खाटेला असा कधी टेकलो नव्हतो. ती दचकून सरकली.

"अंबू," मी म्हटलं, "तुंगा झोपली नव्हती."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"तिचं दुखणं फुप्फुसाचं होतं. भट्टीच्या धुराचं. त्या इंजेक्शनानं तिचा श्वास थांबला. तेव्हा इथं कोणाला ठाऊक नव्हतं. मला आज कळलं."

"झोपेत गेली ना पण?" ती म्हणाली. "बरं वाटतंय म्हणाली ना?"

"म्हणाली."

"मग?"

"मग तिला आणखी जगायचं होतं, अंबू. भट्टी बघा म्हणाली मला. उद्याची लडी तिच्या डोक्यात होती."

वॉर्डात पलीकडे कोणाच्या तरी थाळीचा आवाज झाला. अंबूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. ती रडली नाही. रडायलाही श्वास लागतो, तो तिच्याकडे नव्हता.

"तुम्हाला हे सांगवलं तरी कसं?" ती म्हणाली.

मी तांब्यातलं पाणी तिच्यापुढे केलं.

तिनं पदर तोंडावरून खाली घेतला. "मी फुंकलं नाही तर हे काय समजतील? देतील मला ते?"

"आता मी देणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण फुंकलंत तर मला खात्री होईल. आणि माझ्यामागे जे येतील त्यांनाही सांगता येईल."

"दोष कोणाच्या माथी?"

"माझ्या," मी म्हटलं. "मी घरातला वडीलधारा. मी सांगितलं म्हणून तू केलंस."

तिनं डोळे मिटून ओठांतल्या ओठांत देवीचं नाव घेतलं. डॉक्टरांनी नवी काडी लावली आणि वीतभर अंतरावर धरली. सिस्टरनं खिडकी लावून घेतली. अंबूनं तोंड उघडलं, खांदे वर चढवले, मानेच्या शिरा ताठल्या, आणि तिनं होता तो सगळा श्वास त्या काडीवर घातला. जोत थोडी कलली. मग सरळ झाली आणि जळत राहिली.

डॉक्टरांनी सिस्टरला सांगितलं, "मॉर्फिया नाही. आज नाही, कधीच नाही. पाठीला उशा द्या, बसवून ठेवा. मी दुसरं औषध लिहितो."

अंबूनं डोळे उघडून आधी काडीकडे पाहिलं. तिचा चेहरा सैल झाला. धाप लागली होती तरी ती माझ्याकडे बघून हसली, अगदी तुंगाच्या तोंडानं.

"विझली नाही, अण्णा," ती म्हणाली. "देवीनं राखली."

"नाही विझली," मी म्हटलं.